‘स्कायरिम’ : मोकळ्या रानाचे आकर्षण व उणिवा

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कथा-कविता येतात, प्रवासवर्णने येतात, नाटक-सिनेमांवर परीक्षणे येतात. संगणकावर खेळायच्या एका खेळावर अभ्यासलेख यावा हे काही वाचकांना रुचणार नाही. असले खेळ म्हणजे वेळ वाया घालवण्याचे साधन अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु आपल्या वयाची असंख्य मुले-मुली ज्या करमणुकीत महिनेच्या महिने रमतात, तिच्याकडे पाठ फिरवल्याने ती नाहीशी होत नाही; ती फक्त विचाराच्या कक्षेबाहेर राहते.

मराठी कादंबरीच्या बाबतीत असाच प्रसंग पूर्वी येऊन गेला आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. अद्भुताने भारलेल्या या पुस्तकांना वाचक मिळाले, तसे टीकाकारही मिळाले. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांविषयी निबंध लिहून या नव्या प्रकाराची चिकित्सा केली. ज्या पुस्तकांना त्या काळी मनोरंजन म्हणून नाके मुरडली गेली, ती आज आपण मराठीच्या तासाला वाङ्मयाचा इतिहास म्हणून शिकतो. तेव्हा चिकित्सा करावी, पण ती वस्तू नीट पाहून करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रस्तुत लेखासाठी मी ‘स्कायरिम’ हा एकच खेळ निवडला आहे. माझ्या आतेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर गेल्या वर्षभरात सुट्टीच्या दिवशी मी तो खेळले. त्यात मला जे भावले आणि जे खटकले, त्या दोहोंची मुळे एकाच ठिकाणी आहेत असे मला वाटते. ती कोणती, हे पुढे मांडण्याचा प्रयत्न करते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा विषय निराळा आहे. त्यांच्यावर संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी आणली. या लेखाचा त्यांच्याशी संबंध नाही.

१. खेळाचे स्वरूप

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेने ‘एल्डर स्क्रोल्स’ नावाची खेळांची मालिका १९९४ पासून काढली. ‘स्कायरिम’ हा तिचा पाचवा भाग. तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड. २०२३ पर्यंत या खेळाच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे त्यांनीच सांगितले आहे. एखाद्या पुस्तकाच्या वाट्याला क्वचितच येणारा हा आकडा आहे.

या प्रकाराला भूमिकाप्रधान खेळ म्हणता येईल. खेळणारा एक पात्र घडवतो. ते स्त्री असो वा पुरुष, दहा वंशांपैकी कोणत्याही वंशाचे असो, त्याचे नाव-रूप आपण ठरवायचे. कथेचा आरंभ असा : तुमचे हात बांधलेले आहेत, इतर कैद्यांबरोबर एका गाडीतून तुम्हाला वधस्तंभाकडे नेले जात आहे. मान ठोकळ्यावर ठेवली जाते आणि त्याच क्षणी आकाशातून एक अजस्र ड्रॅगन गावावर कोसळतो. त्या गोंधळात तुम्ही निसटता. भुयारातून बाहेर पडल्यावर समोर बर्फाचे डोंगर, देवदारांचे रान आणि एक पायवाट दिसते. यापुढे काय करायचे ते कोणी सक्तीने सांगत नाही.

ड्रॅगनांच्या पुनरागमनाचे मुख्य कथानक आहे. साम्राज्य आणि बंडखोर यांच्यातील यादवी युद्धाचे दुसरे कथानक आहे. याशिवाय लहानमोठ्या उपकथा शेकड्यांनी आहेत. त्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, की कोणतीच न घेता नुसते भटकायचे, हे सर्वस्वी आपल्या हाती. म्हणूनच अशा खेळाला ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे मोकळ्या जगाचा खेळ, असे म्हणतात.

२. आकर्षण कशात आहे?

पहिले आकर्षण अर्थातच भूगोलाचे. बहुतेक खेळांत लांबवर दिसणारा डोंगर म्हणजे नाटकातल्या पडद्यावर रंगवलेला डोंगर असतो. ‘स्कायरिम’मध्ये जो डोंगर दिसतो त्याच्यावर बहुधा जाता येते. ‘जगाचा कंठ’ या नावाचे सर्वांत उंच शिखर प्रदेशाच्या निम्म्याअधिक भागातून दिसत राहते. त्याच्या अंगावरून मठाकडे जाणाऱ्या वाटेला सात हजार पायऱ्यांची वाट म्हणतात. प्रत्यक्ष मोजल्या तर त्या फारच कमी भरतात. पण वर चढताना वारा घोंघावतो, बर्फ डोळ्यांपुढे पडदा धरते, आणि वर पोचल्यावर मागे वळून पाहिले तर आपण चालत आलेला सगळा मुलूख खाली पसरलेला दिसतो. ही गंमत शब्दांत सांगून पुरती कळणार नाही.

दुसरे आकर्षण असे की हे जग आपल्यासाठी थांबून राहिलेले नाही. खेळातला एक दिवस आपल्या बहात्तर मिनिटांत संपतो. तेवढ्यात तिथे सकाळ होते, दुकाने उघडतात, लोहार भट्टीशी जातो, संध्याकाळी लोक खानावळीत जमतात आणि रात्री घरी जाऊन निजतात. ओढ्यातून सामन मासे उलटे वर उड्या मारतात. पाण्याच्या काठी एक झाड मंद गुणगुणत असते. ते कानांनीच शोधावे लागते. फुलपाखरू पकडले तर त्याचे पंख औषधी मिश्रणात उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट कष्टाच्या फळाची. खेळात अठरा कौशल्ये आहेत. त्यांत तलवार चालवणे आहे, तसे लोहारकाम, औषधे बनवणे, कुलपे उघडणे आणि बोलून मन वळवणेही आहे. जे काम करावे तेच अंगी मुरते. करून करून हात बसतो, हे आपल्याकडे शेतावर आणि होडीवर सांगितले जाणारे सत्य या खेळाने नियम म्हणून स्वीकारले आहे. अर्थात या नियमातूनही पळवाट निघाली. सुरुवातीच्या काळात खेळाडू नुसत्या लोखंडी सुऱ्यांची रास घडवून मोठे लोहार होत असत. पुढे निर्मात्यांनी वस्तूच्या किमतीप्रमाणे कौशल्य वाढेल अशी दुरुस्ती केली.

चौथे आकर्षण मुलींना अधिक जाणवेल. उरणच्या बाजारातून रात्री नऊनंतर एकटीने घरी यायचे म्हटले तर वाटेत घरून तीन फोन येतात. त्यात घरच्यांचा दोष नाही, काळजी असते. खेळात मात्र मी मध्यरात्री, चांदण्यात, एका निर्जन खिंडीतून हातात मशाल घेऊन चालले आहे आणि ‘इतक्या रात्री कुठे?’ असे विचारणारे कोणी नाही. लांडगे आहेत, दरोडेखोर आहेत. पण ते पुरुषाच्या वाटेत जितके आहेत तितकेच माझ्या वाटेत. भीतीचीसुद्धा समान वाटणी व्हावी, हे सुख साधे नाही.

३. गोष्टीत गोष्ट

या खेळाची रचना पाश्चात्त्य असली आणि तिच्यावर उत्तर युरोपातील नॉर्स पुराणकथांची छाया असली, तरी तिचा घाट आपल्याला अगदी परका नाही. सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात, गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली अशी परंपरा आहे. मूळ ग्रंथ लुप्त झाला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’वरून त्याची कल्पना करावी लागते. एक राजपुत्र निघतो, वाटेत कोणी भेटतो, तो आपली हकीकत सांगतो, त्या हकीकतीत तिसरा कोणी आपली गोष्ट सुरू करतो. मुख्य कथा कोठे राहिली याचे भान वाचकाला राहत नाही, आणि त्याची खंतही वाटत नाही.

‘स्कायरिम’मध्ये हेच घडते. जगबुडी टाळायला निघालेला वीर वाटेत कोणाची हरवलेली तलवार शोधून देतो, कोणाच्या तक्रारीचा निवाडा करतो, कोणाचे पत्र पोचवतो. जगबुडी तोवर निमूटपणे थांबून राहते. काही समीक्षक याला दोष मानतात. कथासागराची सवय असलेल्या आपल्या मनाला मात्र तो तितकासा खटकू नये.

परंतु गुणाढ्याच्या आख्यायिकेत आणखी एक गोष्ट आहे. राजाने ग्रंथ नाकारल्यावर त्याने रानात अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो जाळू लागला. पशू चरणे सोडून ऐकत राहिले. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख जळले, एक लाख तेवढे वाचले. सांगायचा मुद्दा हा की, त्या रानाने गोष्ट ऐकली आणि ऐकल्याने ते बदलले. या कसोटीला ‘स्कायरिम’चे रान उतरते काय? माझ्या मते त्याची मुख्य उणीव इथेच आहे.

४. उणिवा

प्रथम किरकोळ उणिवा सांगते. भुयारे आणि थडगी पुष्कळ आहेत. पण दहाबारा पाहिल्यावर अकरावे कोणते आणि बारावे कोणते हे आठवत नाही. सगळ्या शहरांतले शिपाई एकच रडगाणे गातात, की आपण पूर्वी साहसी भटके होतो, पण गुडघ्यात बाण शिरला. हे वाक्य इतक्या वेळा कानी पडते की २०११ पासून खेळाडूंत तो थट्टेचा विषय होऊन बसला आहे. खेळ संपू नये म्हणून यंत्राने आपोआप जुळवलेल्या कामगिऱ्यांची सोय आहे : अमुक गुहेतून तमुक वस्तू आणा. त्या खरोखरच संपत नाहीत, आणि हाच त्यांचा दोष.

वाट दाखवण्याच्या सोयीचाही विचार करायला हवा. पडद्याच्या वरच्या बाजूला होकायंत्राची पट्टी असते आणि तिच्यावर एक बाण पुढचे ठिकाण दाखवत असतो. याच मालिकेतल्या २००२ सालच्या ‘मॉरोविंड’ या खेळात असा बाण नव्हता. गावकरी तोंडी खूण सांगत : नदी ओलांड, मग डाव्या हाताला वळ. माणूस चुके, पुन्हा विचारी. ‘स्कायरिम’मध्ये पुष्कळदा वाट कोणी सांगतच नाही, कारण बाण आहे. डोंगर पाहायला म्हणून आलेला खेळाडू शेवटी डोंगराऐवजी त्या पट्टीकडे पाहत चालतो.

विस्ताराचा हव्यास हा या मालिकेचा जुनाच रोग आहे. १९९६ सालच्या ‘डॅगरफॉल’चा प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे निर्माते सांगत. त्यात गावे, देवळे, भुयारे मिळून पंधरा हजारांवर ठिकाणे होती. पण ती यंत्राच्या साच्यातून निघालेली. पुढच्या खेळांत भूमी लहान झाली आणि माणसांच्या हातांनी घडवली गेली, म्हणून ती अधिक खरी वाटू लागली. विस्तार आणि सखोलता यांचे वैर या एका उदाहरणात स्पष्ट दिसते.

आता मुख्य उणीव. हे जग विसराळू आहे. यादवी युद्धात तुम्ही एका बाजूने लढून विजय मिळवलात, तर काही शहरांचे अधिपती बदलतात, शिपायांचे गणवेश बदलतात. याहून फारसे काही बदलत नाही. चारदोन मंत्र येत असताना तुम्ही जादूच्या विद्यापीठाचे सर्वोच्च आचार्य होऊ शकता. कथेला ज्यांची गरज आहे ती पात्रे मरतच नाहीत. घाव घातला की गुडघा टेकतात आणि थोड्या वेळाने उठून कामाला लागतात. कोठेही जाण्याची मुभा आहे, पण कोठे गेल्याने काय झाले याची जबाबदारी नाही.

असे का होते, याचे कारण समजून घेतले तर निर्मात्यांवर नुसता ठपका ठेवावासा वाटत नाही. या खेळात सुमारे साठ हजार संवाद ध्वनिमुद्रित केलेले आहेत आणि त्यांना सत्तराहून अधिक कलावंतांनी आवाज दिले आहेत. समजा, दहा ठिकाणी खेळाडूला होय-नाहीची निवड दिली आणि प्रत्येक निवडीचा परिणाम पुढच्या सर्व प्रसंगांवर दाखवायचे ठरवले. दहा निवडींतून एक हजार चोवीस निरनिराळी जगे निर्माण होतात. प्रत्येकासाठी वेगळे संवाद कोण लिहिणार, कोण बोलणार? शिवाय स्मरणाला यंत्रातही जागा लागते. प्लेस्टेशन ३ या यंत्रावर तर खेळाडूने केलेल्या बदलांची नोंद वाढत गेली की खेळच अडखळू लागे, अशी तक्रार २०११ साली सर्वत्र होती. तात्पर्य, जग जितके रुंद करावे तितकी त्याची स्मरणशक्ती आखूड करावी लागते.

हे अपरिहार्यच आहे असे मात्र नाही. पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘विचर ३’ या २०१५ सालच्या खेळात एका टेकडीखाली बंदिस्त असलेल्या आत्म्याला सोडायचे की मारायचे असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर काही तासांनी एका कुटुंबाच्या नशिबात उमटलेले दिसते. मात्र तिथे नायक आधीच ठरलेला आहे. आपण आपले पात्र घडवू शकत नाही. स्मरण हवे तर स्वातंत्र्यातला काही भाग सोडावा लागतो, असा हा सौदा आहे.

५. फॉरस्वॉर्नांची हकीकत

विसराळूपणाचे सर्वांत बोचरे उदाहरण मला खेळाच्या पश्चिम भागात आढळले. रीच नावाच्या डोंगराळ मुलखात मार्कार्थ हे दगडी शहर आहे. त्या डोंगरांतले मूळ रहिवासी म्हणजे फॉरस्वॉर्न. त्यांनी एकदा शहर परत घेऊन दोन वर्षे राज्य केले. मग उल्फ्रिक नावाच्या सरदाराने ते जिंकून घेतले. आता चांदीची खाण सिल्व्हर-ब्लड या धनिक घराण्याच्या ताब्यात आहे आणि फॉरस्वॉर्न डोंगरांत लपून वाटसरूंवर हल्ले करतात. खेळाडूला ते प्रथम भेटतात ते कातडी पांघरलेले, हाडांची शस्त्रे घेतलेले दरोडेखोर म्हणून. दिसताक्षणी ते अंगावर येतात. त्यांना मारण्यावाचून दुसरा पर्याय नसतो.

मग एका उपकथेत तुम्ही शहरातल्या एका खुनाची चौकशी करू लागता. ती वरपर्यंत पोचते आहे असे दिसताच शिपाई तुमच्यावरच खोटा आळ घेतात आणि तुम्हाला त्याच चांदीच्या खाणीत कैदी म्हणून टाकतात. तिथे फॉरस्वॉर्नांचा म्हातारा राजा मॅडनाक आहे. त्याला भेटण्यापूर्वी एका कैद्याची कहाणी ऐकावी लागते. त्याच्या कोवळ्या मुलीला त्याच्यासमोर मृत्युदंड दिलेला असतो. ज्यांना काल दरोडेखोर म्हणून मारले त्यांचीही घरे होती, हे त्या अंधाऱ्या खाणीत प्रथमच ऐकू येते. माझ्या मते संपूर्ण खेळातला हा सर्वोत्कृष्ट भाग आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांना राज्यकर्त्यांच्या बखरी कशा लिहिल्या जातात हे ठाऊक असले पाहिजे. ‘मार्कार्थचे अस्वल’ या अर्थाच्या नावाचा एक ग्रंथही खेळात वाचायला मिळतो. त्यात उल्फ्रिकच्या विजयानंतरच्या कत्तलीची नोंद आहे.

तुम्ही मॅडनाकची बाजू घेऊन त्याच्यासह निसटलात, असे समजू. त्याचे लोक डोंगरातल्या एका तळावर राहू लागतात आणि तिथे तुमचे स्वागत होते. परंतु त्या तळापासून थोडे पुढे जा : रीचमधले बाकीचे सगळे फॉरस्वॉर्न पूर्वीसारखेच तुमच्यावर धावून येतात. त्यांच्या राजाला तुम्ही सोडवलेत याची त्यांना गंधवार्ता नसते. ज्यांची कहाणी ऐकून डोळे भरून आले त्यांनाच पुढच्या वळणावर पुन्हा मारावे लागते. ग्रंथात आठवण आहे, वागण्यात नाही.

याच्या शेजारी दुसरा एक नियम ठेवून पाहावा. खेळात कोणाच्या घरातून साधा पेला उचलला तर त्या पेल्यावर ‘चोरीचा’ असा शिक्का कायमचा बसतो. सरळमार्गी दुकानदार तो विकत घेत नाही, मग कितीही काळ लोटो. म्हणजे या जगाला मालकी कळत नाही असे नव्हे. पेल्याची चोरी ते कधी विसरत नाही. एका जमातीचा गेलेला मुलूख मात्र त्याच्या हिशेबात कोठे बसत नाही.

६. आपल्याकडची जमीन

हे सारे काल्पनिक आहे, त्याचे इतके मनावर काय घ्यायचे, असे कोणी विचारील. उरणमध्ये राहणाऱ्या माणसाला ते मनावर घ्यावे लागते. आमच्या तालुक्यात अद्भुताला तोटा नाही. मारुती द्रोणागिरी घेऊन जात असता त्याचा एक तुकडा पडला आणि आमचा डोंगर झाला, असे सांगतात. समोर समुद्रात घारापुरी आहे. तिथल्या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण बेटावरच्या गावांत समुद्राखालून कायमची वीज पोचायला २०१८ उजाडले. मात्र खेळातल्याप्रमाणे दिसेल तिकडे चालत सुटण्याची सोय आमच्याकडे नाही. बंदर आहे, नौदलाचे क्षेत्र आहे, तेल-वायूचा प्रकल्प आहे. ‘प्रवेश निषिद्ध’ ही पाटी आम्ही अक्षरओळख होताच वाचतो.

परंतु ही जमीन विसरत नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या लोकांनी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह केला. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या गवत आणि लाकूडफाटा आणला, त्या रानात कायद्याने हात लावायचा नाही, हे त्यांना मान्य नव्हते. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मे झाले. नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण त्यांतला एक. ‘स्कायरिम’मध्ये कोणीही कुऱ्हाड घेऊन लाकडे फोडावीत आणि विकून चार नाणी मिळवावीत, आड कोणी येत नाही. हे वाचताना किती सोपे वाटते! त्या सोपेपणाची किंमत आमच्या एका डोंगरावर आठ जणांनी मोजली आहे.

पुढे नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर यांच्यासाठी जमिनी संपादन झाल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा परिसरात आणि पागोटे येथे गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. बंदर १९८९ साली सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतचा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल यांचे उद्घाटन झाले. एवढे बदल झाले तरी दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला आणि जानेवारीत जासईला लोक जमतात, नावे घेतली जातात. आठवण इथे ग्रंथातही आहे आणि वागण्यातही आहे. जमिनीचा नुसता उल्लेख निघाला की आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो. असा बदललेला आवाज ध्वनिमुद्रित साठ हजार संवादांत मला फार क्वचित ऐकू आला.

म्हणून मी असे म्हणते की हिंडण्याची मुभा आणि स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्कायरिम’ पहिली गोष्ट मुक्तहस्ताने देतो. दुसरीला परिणामांची जोड लागते. आपण केलेले जगाच्या लक्षात राहावे लागते.

७. पुण्याचा ‘राजी’

या संदर्भात आपल्या महाराष्ट्रात झालेल्या एका प्रयत्नाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठीच्या त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’ नामांकनांत त्याचा समावेश झाला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधते आहे. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. ते पाहताना पिंगुळीच्या चित्रकथीची आणि चामड्याच्या बाहुल्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हा खेळ मोकळ्या जगाचा नाही. वाट आखलेली आहे, काही तासांत तो संपतो, लढाया पुढे पुढे त्याच त्या होतात आणि शेवट फार घाईने येतो. पण राजीने भाऊ गमावला आहे हे त्या जगातली एकही भिंत विसरत नाही. चालताना भेटणारी भित्तिचित्रेसुद्धा तिच्याच शोधाशी बोलतात. साधने थोडी असली की माणूस गोष्टीला घट्ट धरतो, असे यावरून वाटते. अफाट पैसा असलेल्या संस्थेला जे साधले नाही ते मूठभर माणसांना थोड्या जागेत साधले, याची नोंद घेतली पाहिजे.

समारोप

‘स्कायरिम’ वाईट आहे असा माझा निष्कर्ष नाही. जो खेळ एका मुलीला मध्यरात्री निर्भयपणे डोंगर चढू देतो आणि खाणीतल्या कैद्याची कहाणी बसून ऐकायला लावतो, त्याला टाकाऊ कसे म्हणावे? तसेच त्यात वाहून जाणेही बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळण्यावरचा ताबा सुटणे हा विकार म्हणून मान्य केला आहे, आणि न संपणाऱ्या कामगिऱ्यांची रचना पाहिली म्हणजे त्याचे आश्चर्य वाटत नाही.

माझे म्हणणे इतकेच की अशा खेळाची परीक्षा त्याच्या नकाशाच्या लांबीरुंदीवरून करू नये. खेळणाऱ्याने एक प्रश्न विचारावा : मी इथून गेल्यावर या भूमीला माझी काय आठवण राहील? संगणकशास्त्राकडे गेलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींपैकी कोणी उद्या असा खेळ रचायला बसले, तर त्यांना नवे अद्भुत शोधत दूर जायला नको. द्रोणागिरी आहे, घारापुरी आहे, अक्कादेवीचे रान आहे. डोंगर किती उंच करायचा ते त्यांनी खुशाल ठरवावे. पण त्या रानात कोण चालले आणि कोण पडले हे पुढच्या वळणावरच्या माणसाला ठाऊक असेल, एवढी तजवीज जरूर करावी.